थेट सरपंच, थेट राष्ट्राध्यक्ष आणि यवतमाळचे काझी साहेब

गावाचा सरपंच लोकांनी थेट निवडावा की निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडावा, या प्रश्नावर महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत तीनदा मत बदलले. २०१७ मध्ये थेट सरपंच आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये पुन्हा आला. ज्यांच्या गावात सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे अशी वेळ आली आहे, त्यांना अध्यक्षीय पद्धत म्हणजे काय हे वेगळे शिकवण्याची गरज नाही. सरपंचाला हलवता येत नाही, कारण त्याला लोकांनी निवडले आहे आणि अविश्वासाला नुसत्या सदस्यांच्या ठरावाने भागत नाही, ग्रामसभेची मोहर लागते. सदस्यांनाही हलवता येत नाही, कारण त्यांनाही लोकांनीच निवडले आहे. मग मासिक सभेत ठराव अडतात, बिले अडतात, आणि नळाला पाणी का येत नाही हे विचारायला गेलो की दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवतात.

अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर हेच होते. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि तिथली काँग्रेस यांचे सीमेवरच्या भिंतीच्या खर्चावरून जमले नाही, तेव्हा सरकारी कामकाजाचा मोठा भाग ३५ दिवस बंद पडला. लाखो कर्मचाऱ्यांना पगाराविना बसावे लागले किंवा पगाराविना काम करावे लागले. आपल्या पद्धतीत असे घडू शकत नाही. लोकसभेने सरकारचा अर्थसंकल्प नामंजूर केला तर ते सरकारच जाते.

हे आठवण्याचे कारण असे की निवडणूक आली की मोहल्ल्यात, लग्नाच्या मांडवात, अगदी शिक्षकांच्या खोलीतही एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘आपल्याकडेही अमेरिकेसारखा थेट एकच माणूस निवडावा, म्हणजे ही आमदार-खासदारांची पळवापळवी बंद होईल.’ बोलणारा चिडलेला असतो आणि त्याची चीड खोटी नसते. पण या प्रश्नावर आपल्या देशात फार खोल विचार झालेला आहे, आणि त्या विचारात एक आवाज आपल्या विदर्भातल्या मुसलमान वकिलाचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तो आवाज आज ऐकू या.

आधी फरक थोडक्यात. संसदीय पद्धतीत मंत्री सभागृहातून येतात. जो आमदार-खासदार नाही तो मंत्री झाला तरी सहा महिन्यांत त्याला सदस्य व्हावे लागते, नाही तर पद सोडावे लागते. मंत्रिमंडळ सगळे मिळून लोकसभेला जबाबदार असते आणि लोकसभेने ‘नको’ म्हटले की त्याच दिवशी घरी जाते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, म्हणजे एका मताने गेले. अध्यक्षीय पद्धतीत, म्हणजे अमेरिकेत, राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची. त्याचे मंत्री काँग्रेसचे सदस्य असूच शकत नाहीत. काँग्रेसला तो आवडला नाही तरी तो राहतो. महाभियोग हा एकच रस्ता, आणि त्या रस्त्याने आजवर एकही राष्ट्राध्यक्ष पदावरून दूर झालेला नाही. उलट राष्ट्राध्यक्षाने एखादा कायदा नाकारला तर दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश मतांनी काँग्रेस तो त्याच्या नाकावर टिच्चून मंजूर करू शकते. कायदा करणारे, कायदा चालवणारे आणि निवाडा देणारे अशी तीन घरे, आणि मध्ये भिंती. याला सत्ताविभाजन म्हणतात.

४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला तेव्हा या दोन्ही पद्धती त्यांनी तागडीत तोलल्या होत्या. लोकशाहीतील सरकार स्थिर हवे आणि जबाबदारही हवे. पण दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेची पद्धत स्थैर्य जास्त देते. इंग्लंडची पद्धत जबाबदारी जास्त देते, कारण तिथे सरकारची झडती पाच वर्षांनी एकदा होत नाही, रोज होते: प्रश्नोत्तरांत, ठरावांत, चर्चेत. मसुद्याने रोजच्या झडतीला झुकते माप दिले.

त्याच चर्चेत यवतमाळचे वकील काझी सय्यद करीमुद्दीन बोलायला उठले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून मुस्लिम जागेवर ते संविधान सभेत आले होते. ते दिवस कसे होते हे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. फाळणीला पुरते दीड वर्षही झालेले नव्हते. मागे राहिलेल्या मुस्लिम सदस्यांकडे सभागृहात आणि सभागृहाबाहेर संशयाने पाहिले जात होते. अशा वेळी खाली मान घालून बसणे सोपे होते. काझी साहेबांनी बाबासाहेबांच्या भाषणाची तारीफ केली आणि मग त्यांच्या मुख्य मुद्द्यालाच विरोध केला. भारताला संसदीय नव्हे, बिगरसंसदीय कार्यकारी मंडळ हवे, असे ते म्हणाले. सभागृहाच्या रोजच्या मर्जीवर न टिकणारे, ठरावीक मुदतीचे सरकार.

यामागची धास्ती आम्ही अशी समजतो. जे मंत्रिमंडळ उद्याच्या मतदानाच्या भीतीने जगते, त्याला बहुमताच्या रागालोभापासून वेगळे उभे राहता येत नाही. सभागृह संतापलेले असेल तर मंत्री संतापणार, सभागृह डोळे मिटणार तर मंत्रीही मिटणार. आणि बहुमत धर्माच्या किंवा जातीच्या रेषेवर जमले असेल, तर त्या रेषेच्या पलीकडच्या माणसाने कोणाकडे पाहायचे? थोडक्यात, काझी साहेब थेट निवडून आलेला बलवान नेता मागत नव्हते. बहुमत आणि पोलीस ठाणे यांच्यामध्ये एक भिंत असावी, एवढेच ते मागत होते. मद्रासचे महबूब अली बेग यांनी याच काळजीतून वेगळा मार्ग सुचवला. मंत्रिमंडळ एकट्या पंतप्रधानाने निवडू नये, दोन्ही सभागृहांनी प्रमाणशीर मतदानाने निवडावे, म्हणजे लहान गटांनाही त्यात जागा मिळेल, अशी त्यांची दुरुस्ती होती. तीही नामंजूर झाली.

डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी एक नवे कलम सुचवले. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या तिघांत पूर्ण विभाजन असावे, असे घटनेत स्पष्ट लिहून टाका, हा त्याचा आशय. काझी साहेबांनी पाठिंबा दिला. बाबासाहेबांचे उत्तर वाचण्यासारखे आहे, कारण त्यांनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ वेगळे असावेत याबद्दल कोणाचेच दुमत नाही, ती सोय मसुद्यात घेतलेलीच आहे. पण कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांच्यात अमेरिकेइतकी उंच भिंत नको. संसदेचे काम इतके गुंतागुंतीचे झाले आहे की मंत्री सभागृहात बसून दिशा देत नसतील तर ते पुढे सरकणार नाही, आणि खुद्द अमेरिकेतले जाणकारही त्या भिंतीवर नाराज आहेत. शहांचे कलम पडले.

या वादात कोण बरोबर होते? आम्ही वर्गात राज्यशास्त्र शिकवताना बाबासाहेबांच्या बाजूने बोलतो, आणि मनापासून बोलतो. सरकारला रोज उत्तर द्यावे लागणे ही गरिबासाठी मोठी सोय आहे. अधिवेशनात एका तारांकित प्रश्नाने अडलेली शिष्यवृत्ती सुटल्याचे आपण पाहतो. पण रोजच्या झडतीचा तो हिशेब १९८५ नंतर बदलला, हेही मुलांना सांगावे लागते. त्या वर्षी ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. व्हिप मोडून मत दिले की सदस्यत्व धोक्यात. हेतू चांगला होता, पण परिणाम असा झाला की सत्ताधारी पक्षाचा खासदार आपल्याच सरकारला ‘चुकताय’ असे मतपेटीतून सांगू शकत नाही. म्हणजे संसदीय पद्धतीतली झडती सैल झाली आणि अध्यक्षीय पद्धतीतली भिंत तर आपण घेतलीच नव्हती. शिवाय पक्ष कोणी मोडला, कोण अपात्र, याचा पहिला निवाडा करणार कोण? सभागृहाचा अध्यक्ष, जो स्वतः एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने हे नाटक इतके पाहिले आहे की त्यावर अधिक लिहीत नाही.

काझी साहेब मात्र एका हरलेल्या मुद्द्यावर थांबले नाहीत. त्यांची दुसरी एक दुरुस्ती आम्हाला अधिक मोलाची वाटते. त्याच डिसेंबरात त्यांनी मूलभूत हक्कांत एक भर सुचवली: माणूस, त्याचे घर, त्याची कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती आणि जप्ती होऊ नये, वॉरंट सबळ कारणाशिवाय निघू नये आणि त्यात जागा, माणूस, वस्तू यांचे नेमके वर्णन असावे. अमेरिकेच्या घटनेतल्या चौथ्या दुरुस्तीवर ती बेतलेली होती. बाबासाहेब ती स्वीकारायला तयार झाले. अशी तरतूद फौजदारी कायद्यात आहेच, पण घटनेत असली तर उद्याच्या कायदेमंडळाला ती काढून घेता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. तरीही मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, निर्णय पुढे ढकलला गेला आणि अखेर ती दुरुस्ती पडली.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी झडतीच्याच एका प्रकरणात म्हटले की, घटनाकारांनी अमेरिकेसारखी तरतूद केलेली नाही, तेव्हा ती आम्ही ओढूनताणून आणू शकत नाही. ती चूक दुरुस्त व्हायला २०१७ चा ऑगस्ट उजाडला. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि त्या निकालात संविधान सभेतल्या काझी सय्यद करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीची चर्चा नावानिशी आली. यवतमाळच्या वकिलाचे म्हणणे एकोणसत्तर वर्षांनी ऐकले गेले.

आता दुसऱ्या मराठी मुसलमानाकडे येऊ, कारण त्यांनाही अध्यक्षीय पद्धत हवी होती, मात्र उलट्या दिशेने. रायगडचे बॅ. अब्दुल रहमान अंतुले. महाराष्ट्राचे पहिले आणि आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. कर्तबगार, धडाडीचे, कोकणातली माणसे आजही त्यांच्या कामांची यादी तोंडपाठ सांगतात. आणीबाणीच्या काळात दिल्लीत एक निनावी टिपण फिरले. त्यात थेट निवडलेला, बलवान राष्ट्राध्यक्ष सुचवला होता. आणि त्याहून गंभीर म्हणजे न्यायव्यवस्थेवर देखरेख करणारी एक वरिष्ठ परिषद सुचवली होती, जिच्या अध्यक्षस्थानी राष्ट्राध्यक्षच असणार होता. या टिपणाशी अंतुले यांचे नाव जोडले गेले. पुढे मुख्यमंत्री असतानाही ते अध्यक्षीय पद्धतीचा उघड पुरस्कार करत होते. टिपणाची बातमी फुटली, टीका झाली आणि ते मागे पडले. पण नीट पाहिले तर काझी साहेबांच्या अध्यक्षीय पद्धतीत भिंती उंच होत होत्या आणि या टिपणात त्या पाडल्या जात होत्या. नाव एकच, माल वेगळा. आणि योगायोग पाहा, जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले ते मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर. त्या टिपणातली व्यवस्था आली असती तर कोणा न्यायमूर्तीने सत्तेवरच्या मुख्यमंत्र्याविरुद्ध असा निकाल दिला असता का, याचा विचार वाचकांनीच करावा.

तुर्कस्तानाबद्दल आपल्या तरुणांना विशेष ओढ आहे, मालिकांमुळे अधिकच. तिथे एप्रिल २०१७ च्या सार्वमतात साधारण ५१ टक्के लोकांनी संसदीय पद्धत सोडून अध्यक्षीय पद्धत घेतली आणि पुढच्या वर्षी पंतप्रधानपदच रद्द झाले. आपल्याकडे काहींनी मिठाई वाटल्यासारखा आनंद व्यक्त केला. त्या बदलात न्यायाधीशांच्या नेमणुका आणि बदल्या पाहणाऱ्या तेरा जणांच्या मंडळावर चार सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमणार, सात संसद नेमणार, आणि कायदामंत्री व त्यांचा उपमंत्री हे पदसिद्ध, असे ठरले. राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाचे संसदेत बहुमत असेल तर तेराच्या तेरा खुर्च्या कोणाच्या हातात, हे सांगायला गणिताचा शिक्षक लागत नाही. नेता आपल्याला आवडतो म्हणून भिंत पाडलेली चालेल, असे म्हणणाऱ्यांनी नेता बदलल्यावर काय, हेही सांगावे.

आपल्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. हजरत अली (रजि.) खलीफा असताना त्यांच्या चिलखतावरून एका यहुद्याशी वाद झाला आणि ते स्वतः काझी शुरैह यांच्यासमोर उभे राहिले, ही रिवायत प्रसिद्ध आहे. मुलाची साक्ष बापासाठी चालणार नाही असे काझींनी सांगितले आणि निकाल खलीफांच्या विरोधात गेला. आपण ही गोष्ट खलीफांच्या मोठेपणासाठी सांगतो, आणि ते मोठेपण आहेच. पण त्यात काझीचीही एक जागा आहे, जिथे खलीफाला पक्षकार म्हणून यावे लागते. त्यानंतर शतकभराने खलीफा मन्सूर यांनी इमाम अबू हनीफा (रह.) यांना काझीपद देऊ केले तेव्हा इमामांनी नकार दिला आणि त्यापायी कैद सोसली. हिजरी १५० मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांचेच शागिर्द इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी मात्र हारून रशीद यांच्या काळात सर्वोच्च काझीचे पद स्वीकारले. उस्तादांचा नकार बरोबर की शागिर्दांचा होकार, यावर उलेमांनी पुष्कळ लिहिले आहे. आमच्या मते दोघांपुढचा प्रश्न एकच होता. ज्याने नेमले त्याच्याविरुद्ध निकाल देता येईल का?

स्वतंत्र भारतात या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा २८ एप्रिल १९७६ ला झाली. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल का, यावर पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटले. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ‘येईल’ म्हटले. त्या चौघांत न्यायमूर्ती मिर्झा हमीदुल्ला बेग होते. पुढच्या जानेवारीत सरकारने खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले आणि खन्नांनी राजीनामा दिला. हे लिहिणे आम्हाला सोपे जात नाही. ‘आपला माणूस वर बसला की आपली काळजी मिटली’ असे आपल्याकडे अजून मानले जाते. त्या दिवशी डांबलेल्यांत सर्व विचारांची, सर्व धर्मांची माणसे होती आणि त्यांच्या बाजूने उभा राहिलेला न्यायमूर्ती त्यांच्यापैकी अनेकांचा ‘आपला’ नव्हता.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष की पंतप्रधान, हा प्रश्न चहाबरोबर चघळायला ठीक आहे. आपल्या घरापर्यंत येणारी भिंत दुसरी आहे: पकडणारा वेगळा आणि निवाडा करणारा वेगळा. घटनेच्या ५० व्या कलमात राज्याला तेवढीच सूचना आहे. इंग्रजांच्या काळी वसुली करणारा, पोलिसांवर हुकूम चालवणारा आणि फौजदारी खटल्यात शिक्षा देणारा साहेब बऱ्याच ठिकाणी एकच असे. मुंबई राज्याने १९५१ मध्ये न्यायिक आणि कार्यकारी कामे वेगळी करण्याचा कायदा केला. देशभरासाठी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, म्हणजे १ एप्रिल १९७४ पासून, न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत आले.

पण भिंतीला दोन-तीन ठिकाणी अजून खिंडार आहे, आणि आपल्या मोहल्ल्यांचा संबंध नेमका तिथेच येतो.

पहिले चॅप्टर केस. सण-उत्सव किंवा निवडणूक जवळ आली की पोलीस ठाण्यातून ‘१०७’ ची नोटीस येते. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १२६ झाले आहे, जुना आकडा मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे. ही नोटीस गुन्ह्याची नसते, ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ असल्याची असते. आणि ती चालते न्यायालयात नव्हे, तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यासमोर. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तर सहायक पोलीस आयुक्तासमोर. म्हणजे अहवाल पोलिसांचा आणि निवाडाही पोलीस अधिकाऱ्याचाच. सारे घर घाबरते आणि मिळेल त्या कागदावर सही करून सुटका करून घेते. पण या कामातही लेखी आदेश मागता येतो. त्यात कोणत्या माहितीवरून कारवाई झाली, बंधपत्र किती रकमेचे आणि किती मुदतीचे हे लिहिलेले असले पाहिजे. १२६ खाली मुदत एक वर्षापेक्षा जास्त असू शकत नाही. वकील देता येतो, चौकशी व्हावी लागते, आणि आदेश पटला नाही तर सत्र न्यायालयात जाता येते. तिथे खरा न्यायाधीश बसलेला असतो.

दुसरी तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५५ ते ५७ कलमांखाली उपायुक्त किंवा प्रांताधिकारी माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवू शकतात. त्यावर अपील तीस दिवसांत, आणि तेही राज्य सरकारकडेच. हुकूम सरकारचा, अपील सरकारकडे. सरकारी चौकट ओलांडायची तर उच्च न्यायालयातच जावे लागते, आणि तिथे असे अनेक हुकूम टिकत नाहीत. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडीपारीला अपवादात्मक उपाय म्हटले आणि हुकूम रद्द केला. माणसाचा देशात कुठेही वावरण्याचा हक्क त्याने हिरावला जातो, म्हणून तो जपून वापरावा, असे बजावले.

तिसरे बुलडोझर. एखाद्यावर आरोप झाला की दुसऱ्या दिवशी त्याचे घर अनधिकृत ठरवून पाडायचे, असे प्रकार काही राज्यांत झाले. १३ नोव्हेंबर २०२४ ला न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, आणि न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांनी त्यावर निकाल दिला. त्याचा पाया सत्ताविभाजन हाच आहे. दोषी कोण हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. कार्यकारी मंडळ न्यायाधीश होऊन घर पाडण्याची शिक्षा देऊ शकत नाही. आणि एका माणसाच्या आरोपासाठी त्याच्या आई-बापाला, मुलाबाळांना रस्त्यावर आणता येणार नाही. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदी-तलावावरची अतिक्रमणे आणि न्यायालयाच्या आदेशाने पाडायची बांधकामे यांना हे संरक्षण नाही, हेही स्पष्ट सांगितले आहे. म्हणून जागेचा उतारा, बांधकाम परवानगी, घरपट्टीच्या पावत्या एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात. आपल्यापैकी कितीतरी घरांत त्या पेटीच्या तळाशी लग्नपत्रिकांखाली पडलेल्या असतात.

इतर बांधकामांसाठी कारणे दाखवा नोटीस आधी द्यावी लागेल, रजिस्टर पोस्टाने, आणि ती घराच्या दर्शनी भागावर चिकटवावीही लागेल. मालकाचे म्हणणे समक्ष ऐकावे लागेल. अंतिम आदेशात कारणे द्यावी लागतील, पाडणे हाच एक मार्ग का उरला हेही लिहावे लागेल. त्या आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस, अपिलासाठी किंवा बांधकाम स्वतः काढून घेण्यासाठी. पाडकामाचे चित्रीकरण करावे लागेल. नियम मोडून घर पाडले तर ते पुन्हा उभारण्याचा खर्च अधिकाऱ्याच्या खिशातून. पहिल्या नोटिशीला उत्तर द्यायला किमान पंधरा दिवस मिळतात, आणि ते नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून नव्हे, ती हातात पडल्या दिवसापासून मोजायचे. पोस्टमनच्या पावतीवर सही करताना त्या दिवसाची तारीख घालावी, आणि लखोटा फेकून देऊ नये.